उद्या संध्याकाळपर्यंत पाणी नको

ता. ९ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तीन वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. म्हणजे घरात मी एकटीच आहे, आणि मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, तेवढंच.

बातमी अशी की या वयात मी फटी बुजवायचं सिलिकॉन भरायला शिकले. बाथरूमच्या फटीपाशी इतके दिवस गोणपाट अंथरून भागवलं, पण आता पाणी खालच्या बिऱ्हाडात उतरलं. प्लंबर तारखांवर तारखा देतोय. शेवटी वैतागून सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची गन घेऊन आले. पहिली रेघ गोगलगाय फिरून गेल्यासारखी उमटली. दुकानदाराला फोटो दाखवला, तर म्हणाला, "हातात घाई फार आहे तुमच्या. आधी जुनं सगळं खरवडा, कोरडं करा, मग एका दमात ओढा."

म्हणून काल दिवसभर, तीन वर्षांपूर्वी तू भरलेलं खरवडत बसले. दारामागे, जिथे पाणी पोचत नाही, तिथे तुझी रेघ इतकी पक्की की सुरी वाकली. नळाखालची मात्र बोट लावताच सालीसारखी सुटून आली. तो तुकडा दुकानदाराला दाखवला. म्हणाला, "काम चोख आहे. ओलं असताना कुणीतरी पाणी ओतलंय."

ते कुणीतरी म्हणजे मी. निघताना तू दोनदा बजावलं होतंस, उद्या संध्याकाळपर्यंत पाणी नको. मी हो हो म्हटलं, आणि तासाभरात आईला तिथेच आंघोळ घातली. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं. चौथ्या दिवशी झिरपलेल्या पाण्यावरून आई घसरली ती पुन्हा उठली नाही.

तिला पोचवून आल्यावर सगळ्यांदेखत मी म्हणाले, याच्या अर्धवट कामाने आई गेली. तू एका शब्दाने मला खोटं पाडू शकला असतास. तू चपला घातल्यास आणि गेलास. दुकानदाराने सांगायची गरजच नव्हती रे. मला तेव्हाही माहीत होतं.

मामाला आणि काकूला आज हेच लिहून पाठवलंय. तुझ्याकडे माफी मागायला मला तोंड नाही.

नवी रेघ आज सकाळी भरली. आंघोळीला शेजारी जाऊन आले. बाथरूमला बाहेरून कडी घातलीय. घरात दुसरं कुणी नाही, तरी घातलीय.

तीन वर्षं उशिरा तुझं ऐकणारी,
ताई