मोकळ्या प्लॉटातलं बुटकं

११ मे, रविवार
कंपाउंडच्या भिंतीतल्या जुन्या पाइपात दयाळ पक्ष्याची तीन पिल्लं होती, ती आज बाहेर. धड उडता येत नाही, पण घर सोडायची घाई. एकेक करून शेजारच्या मोकळ्या प्लॉटातल्या घाणेरीच्या झुडपांत घुसली. सगळ्यात शेवटी बुटकं, शेपटीच्या नावानं बोंब. हे म्हणाले, "तुझ्यागत हाय. उंबरा सुटता सुटंना." चहापर्यंत बोलले नाही त्यांच्याशी.

१२ मे, सोमवार
ग्रा.पं.तून सदस्यांचा फोन. "मॅडम, तुमचं काम झालं की. गुरुवारी जेसीबी लावतोय, प्लॉट चकाचक."
मार्चमध्ये मीच अर्ज दिलेला. घाणेरी माजली आहे, साप निघतात, साफ करावे ही विनंती. नोकरीत जन्मभर अर्ज लिहिले, अजून हात शिवशिवतात. घरोघर फिरून सह्याही मीच घेतल्या. दोन महिने हेलपाटे घातले तेव्हा कुणी हललं नाही, आणि आता पिल्लं आत असताना...


१३ मे, मंगळ.
ग्रा.पं.त जाऊन आले. म्हटलं दहा दिवस थांबा, पिल्लं उडायला लागू देत. सदस्य हसले. "पाखरांसाठी? तुमीच म्हणत हुता की साप हाईत म्हणून." आता जेसीबी परत पाठवला तर दिवाळीनंतरच, म्हणे.
मग रेश्माकडं. प्लॉटाच्या पलीकडचं घर तिचं, मुलगी परी दीड वर्षाची. अर्जावर पहिली सही तिची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, परवा पायरीवर घोणस हुती. परी तितंच खेळती. तुमीच सांगा, मी काय करू?"
तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तरी राग आला. बराचसा स्वतःचाच.

१४ मे, बुध.
सकाळी तीन तास गच्चीवर. पिल्लं उघड्यावर येतच नाहीत. एका झुडपातून दुसऱ्यात, तेही मधे दोन-चार हातच मोकळं असेल तर. मादी पुढं जाऊन किडा दाखवते, मग निघतात. समोर प्लॉट संपला की डांबरी रस्ता, त्यापलीकडं ऊस. उसात पोचली तर वाचली. पण रस्त्यावर वाहनं, आमच्या गल्लीत दोन मांजरं, वर कावळे.
दुपारी सुचलं. शेवग्याच्या फांद्या, उसाचं पाचट, कोंबड्यांचं जुनं डालगं, कर्दळीच्या कुंड्या, जे हाताला लागलं ते घाणेरीपासून रस्त्यापर्यंत ओळीनं मांडत गेले. हे खुर्चीतून बघत होते. "अगं, लोकं काय म्हणतील?" मग स्वतःच उठले, स्कूटर रस्त्यात आडवी लावली आणि तिच्यावर जुनी चादर जमिनीपर्यंत सोडली. "कुणी इचारलं तर बंद पडलीया म्हणतो."
पाचच्या सुमारास मोठं पिल्लू फांद्यांत आलं. कुंडीमागं बराच वेळ. मग चादरीखालून पलीकडं. थोड्या वेळानं दुसरं. मला रडू आलं, ह्यांच्यासमोरच.
बुटकं घाणेरीतच. मादी पाच वेळा किडा घेऊन आली. ओरडतं, पण हलत नाही.

१५ मे, गुरु.
नऊला जेसीबी. ड्रायव्हरला हात जोडले, बुटक्याचा आवाज येतो तो मधला तुकडा शेवटी घ्या. "घेतो की काकू. खरं बाराला मला दुसऱ्या साइटवर पोचायचंय."
कडेनं साफ करत आला. घोणस निघाली. चांगली मोठी. रेश्मा परीला कडेवर घेऊन दारात उभी होती, तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.
साडेअकराला मधला तुकडा उरला. मी आत शिरले. हे मागून ओरडत होते. सापाची भीती वाटली, खूप वाटली. आवाजाच्या दिशेनं हात घातला. बोटांना मऊ लागलं आणि निसटलं. मग आवाजच बंद. पकडायला गेले नसते तर...
बाराला प्लॉट सपाट.
ह्यांनी ओरखड्यांवर हळद लावून दिली.

१६ मे, शुक्र.
उसातून दोन पिल्लांचे आवाज. नर तिकडंच आहे. मादी मात्र सकाळी सातपासून प्लॉटासमोरच्या तारेवर, चोचीत किडा. एकदा उसाकडं गेली, किडा कुणाला न देता परत आली. तशीच बसली.
परीला निजवून रेश्मा आली. "काकू, जेसीबीनं लोटल्याल्या मातीच्या ढिगात मगाशी काय तर हाललं. पालबी आसंल." दोघींनी ओणवं होऊन बघितलं, काही दिसलं नाही. ढीग उपसायचं धाडस मला झालं नाही. एकदा हात घालून झालाय.
रेश्मा घरी न जाता आमच्या पायरीवर बसली आहे. मांजर आलं की चप्पल फेकते.
दुपारचे दोन. मादी तारेवरच. किडा अजून गिळलेला नाही.