कार्डाशिवाय मूल नाही

आदरणीय दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे गोकुळचा, हात जोडून नमस्कार. पुण्यात तुमची तब्येत बरी असेल आणि दुसऱ्या बसचा सौदा जमत आला असेल, असे समजतो. इकडे तुमची पहिली शाळेची बस खुशाल आहे. टायर नवे, ब्रेक चांगले, औषधांच्या पेटीतला कापूस अजून कोरा. बसभोवतीच्या माणसांची खुशाली मात्र सविस्तर लिहावी लागेल. (तुम्ही फोन उचलत नाही, ते कामात असल्यामुळेच असणार. व्हॉट्सअॅपवर लिहिलेले तासाभरात पालकांच्या ग्रुपवर फिरते, म्हणून हे पत्र भाजीच्या टेम्पोवरच्या सुदर्शनबरोबर पाठवतो आहे.)

कार्डाचा नियम आपण हौसेने केलेला नाही. गेल्या महिन्यात कळंबच्या स्टॉपवर चांगदेवबाबांची नात श्रेया हिला मी बसमधून उतरवून तिच्या मोहिनीआत्याच्या हाती दिले. आत्या सख्खी, हसतमुख; संशयाला जागा नव्हती. तिने पोरीला परस्पर मंचरला भेळ खायला नेले आणि हे घरी कळवण्यासारखे आहे असे तिला वाटले नाही. श्रेया आली नाही म्हटल्यावर सगळी वस्ती थाळ्या वाजवत उसात शिरली, कारण आपल्याकडे मूल दिसेनासे झाले की पहिला विचार बिबट्याचाच येतो. मी सर्वांच्या पुढे होतो. शेवटी श्रेया आली ती ओठांना चिंचेचे पाणी लावून, आणि ‘एवढे लोक का जमलेत’ असे विचारत.

मग तुम्ही सभा घेतलीत. एका घराला एक कार्ड, त्यावर एकाचा फोटो, आणि फोटोतला माणूस कार्ड घेऊन स्वतः आला तरच मूल खाली उतरवायचे. “परत्यक्ष भीमाशंकर उतरून आला तरी कार्डाबिगर पोर द्यायचं नाय,” हे तुमचे शब्द. पालकांनी टाळ्या वाजवल्या. माझी चूक इतकीच, की मला ते खरे वाटले.

पहिल्याच दिवशी श्रेयाला न्यायला स्वतः चांगदेवबाबा आले, रिकाम्या हातांनी. कार्ड त्यांच्या मुलाचे, सूरजचे, आणि सूरज कार्डासह चाकणला कंपनीत.

“आरं, तुझ्या बापाला हिरीत पवायला म्या शिकवलं, आन् तू मला फोटू मागतो व्हय?”

मी म्हणालो, “बाबा, मी तुम्हाला ओळखतो. नियम तुम्हाला ओळखत नाही.”

बाबा बसच्या पायरीवर बसले. दार उघडे असताना बस हलवायची नाही, आणि बाहेरच्या माणसाला आत घ्यायचे नाही, हेही तुमचेच नियम. त्यामुळे बस हलेना, मागे ट्रॅक्टरांची रांग. आपले ड्रायव्हर सावळेरामभाऊ म्हणाले, “द्या राव पोरगी. म्हातारा लई चिवट हाय, हितंच मुक्काम करील.” सुदैवाने बाबांची चहाची वेळ झाली.

ज्यांचे कार्ड येत नाही अशी मुले बस शेवटी आमच्या घरी उतरवते. तिथे कार्ड येईपर्यंत आई त्यांना थालीपीठ आणि लोणी देते. याचा परिणाम असा झाला, की मुलेच आता आपापल्या घरची कार्डे लपवू लागली आहेत. एक पिठाच्या डब्यात सापडले, एक म्हशीच्या गव्हाणीत. आरतीबाईंनी तर, कांदा काढणी संपेपर्यंत त्यांचे कार्ड सापडणार नाही, असे मला आगाऊ कळवले आहे. बस आता वेळेआधी रिकामी होते, हे मान्य करायला हवे. निम्मी एकाच दारात होते एवढेच.

ज्या पालकांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच आता सोमवारी सभा बोलावली आहे. विषय एकच: गोकुळला बसवरून उतरवणे. नियम त्यांना हवाच आहे, पण शेजाऱ्यांसाठी. दाजी, माझी बारावी राहिली ती राहिली. मला ‘सर’ म्हणणारी ही मुलेच पहिली. ती उसाच्या कडेने घरी जातात, म्हणून रात्री माझा डोळा लागत नाही. सभेत तुम्ही एकदाच म्हणालात, की ‘नियम माझा आणि गोकुळने तो पाळला’, तर माझे काम टिकेल.

बाबांच्या चहाला आणि पालकांच्या रागाला सांभाळून असणारा,

तुमचा मेहुणा,
गोकुळ

ता.क. तुमचा ऋषी कालपासून आमच्याकडे आहे. मजेत आहे, तिसरे थालीपीठ चालू आहे. जयाताई न्यायला आली होती. ती माझी सख्खी बहीण आहे, मला लहानपणी तिनेच अंघोळ घातली, हे मी नाकारले नाही. पण कार्डावर फोटो तुमचा आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तुम्हाला मात्र फोन करणार आहे, तो उचलावा.

ता.क. दुसरा. कार्ड तुमच्या पाकिटात असणार. सुदर्शनबरोबर ते धाडू नये, चालणार नाही. फोटोतला माणूस स्वतः लागतो. रविवारी रात्रीपर्यंत यावे. मुलाला घेऊन लगेच परत निघणे काही बरे दिसणार नाही, तेव्हा सोमवारी सभेलाही थांबणे होईलच.