वास न घेतलेला दवणा

प्रिय आक्का,

आज दवणा कापला. जुड्या बांधताना मागं न बघताच "आक्का, सुतळी दे गं" म्हणाले आणि हात तसाच पसरून बसले. सुतळी कोण देणार? म्हणून लिहायला बसले, नाहीतर मला कुठली आलीय पत्रं लिहायची हौस.

नेकनूरच्या या घरात आधी तू आलीस, मग धाकट्या दिरासाठी मलाच ओढून आणलंस. सख्ख्या बहिणी, सख्ख्या जावा. लोक म्हणायचे, आता दोन चुली होणार. झाल्या का? भांडलो मात्र लई, आणि ते बहुतेक दवण्यावरनंच.

पहिल्या वर्षी मी तो मिरच्यांशेजारी उन्हात टाकला. वास उडून पार गवत झालं. "अगं, पापड हाय का हा? सावलीत टांगायचा," म्हणत तू कपाळावर हात मारलास. तेव्हापासून माजघरात दोरीला उलट्या जुड्या, आणि वाळला की लुगड्यांच्या घडीत.

पण तुझा खरा कायदा वेगळाच. चैत्राच्या पुनवेला देवाला वाहिल्याबिगर दवण्याचा वास घ्यायचा न्हाई. कापताना तो आपणहून नाकात शिरतो, त्याला काय करायचं? "तोंड फिरीव," म्हणायचीस. स्वतःही मान वाकडी करून कापायचीस. बांधावरनं जाणाऱ्या बाया आपल्याला हसायच्या.

मागच्या चैत्रात तू अंबाजोगाईला दवाखान्यात होतीस. मी डबा घेऊन आले, तर जेवायचं सोडून विचारलंस, "दवणा कापला का?"

"कापला की."

"उद्या एक काडी आण. या औषधांच्या वासानं जीव विटलाय."

आणि मी काय म्हणाले? "आक्का, पुनव व्हायची हाय अजून. देवाला वाहते, मग आणते."

तू "बरं" म्हणालीस आणि कूस बदललीस. काहून गं? जन्मभर माझ्यावर ओरडलीस, तेव्हाच गप्प बसायचं सुचलं? एकदा दरडावलं असतंस, तर त्याच पावली एसटीनं परत जाऊन आणला असता. तुझाच कायदा होता, तूच मोडायचा होतास.

पुनवेच्या आदल्या दिवशी तू गेलीस. घराला सुतक लागलं, देवाला दवणा वाहिलाच नाही. ना तुला मिळाला, ना देवाला. वर्षभर तसाच टांगून होता. आज नव्या जुड्यांसाठी दोरी मोकळी करताना त्याचा हातात भुगा झाला. लई रडले बघ.

यंदा मान वाकडी केली नाही. पहिली काडी तुझ्या फोटोला लावली. पुनव अजून लांब आहे.

आक्का, शब्द देते. इथून पुढं या घरात कुणी काडी मागितली, तर आधी त्याच्या हातात देईन. देवाला थांबायला सांगेन.

तुझी धाकटी,
कुसुम