निम्मं देनाऱ्यातच जळतं

मामंजी, आज माडीवरचा तुमचा बोलायचा रेडिओ पुसाया काढला. फौजेत सिग्नलची नोकरी करून आलात, सरकारचं लायसन काढलंत, आन उंब्रजात बसून सांगलीच्या दोस्ताशी बोलाया लागलात. गाव म्हनायचं, म्हातारा भिंतीशी बोलतोय. मीबी म्हनायची, पन हळू.

बहात्तरचा दुष्काळ सरला तवा मी नवी सून. घरापासनं लिंबापातूर तानलेली तार दिसली, टाकलं वलं लुगडं वाळत. तुमी आत घसा फोडताय आन दोस्ताला काय ऐकूच जाईना. रेडिओतनं तारंकडं जायच्या वाटंवर तुमी बॅटरीचा बारका बल्ब लावलेला. तारंनं ताकद घेतली की त्यो लख्ख पेटायचा. त्या दिशी नुसता मिनमिनत हुता. भाईर येऊन बघताय तर लुगडं! "आगं, ही तार हाय का धुन्याची दोरी? चटका बसला असता म्हंजी?" "आवं मामंजी, रिकामीच तर हुती." मग रागवायचं सोडून मला रेडिओपुढं बसवलंत. "गुऱ्हाळात घान्यात लय ऊस कोंबला की इंजिन दबतंय. एकच कांडं टाकलं तर मोकळंच भकभकतंय. दोघांचं जुळाया पायजे. तसंच यंत्राचं आन तारंचं. ह्ये बटन फिरवायचं, बल्ब लख्ख झाला की जुळलं." मी पदराआडनं म्हनले, "मंग आत्याबाईंचं आन तुमचं जुळलं न्हाई, म्हनून तुमी येवढं तापताय व्हय?" खाली चुलीपुढं आत्याबाई खोकल्यावानी हसल्या. तुमी म्हनला, "जुळलं तरी तापतंच, पोरी. जास्तीत जास्त पोचवायचं तर निम्मं देनाऱ्यातच जळतं."

मग तुमचा ल्योक गेला, ट्रॅक्टरखाली. येनारी बाई गळ्यात पडून रडायची, माझ्या आत काय शिरतच न्हवतं. शिराळ्यासनं माझा भाऊ न्यायला आला. पोरबाळ न्हाई, हितं ऱ्हाऊन काय करनार, म्हनला. खोटं न्हवतं. सगळी तुमच्याकडं बघत्यात. तुमी जा म्हनंना, ऱ्हा म्हनंना. उठून माडीवर गेलात. मी मागनं येऊन दारात उभी. वळून न बघता तुमी म्हनला, "वाऱ्यानं तार ढिली झालीया. जरा जुळव." मी बटन फिरवती. बल्ब इवलासा, मग मोठा, मग लख्ख. तुमी सांगलीला हाक मारता. "माझा ल्योक गेला रं गड्या." येवढंच. तवा मला पयल्यांदा रडू आलं. खालनं भाऊ वरडतोय, "आक्का, यष्टी जाईल!" मी जिन्यातनंच म्हनले, "जाऊ दे. हे म्हातारं एकटं बटन फिरवत बसंल."

ह्यो कागद टाकायचा तरी कुठं? तुमच्या तिकडं वर आजून टपाल सुरू न्हाई. घडी घालून हितंच ठेवती. गावाला वाटतं, मी तुमच्यासाठनं ऱ्हायले. वाटू दे, तेवढाच मान मिळतोय. पन मामंजी, मला जायाचंच न्हवतं. तुमी एकदा नुसतं "ऱ्हा" म्हनाल म्हनून जिन्यात रेंगाळले हुते. त्ये तुमी शेवटपातूर म्हनला न्हाईत. मी आजूनबी जराशी वाट बघतीया.