पप्पांच्या कॅसेटवर आमची गाणी

३ फेब्रु., मंगळ
आमच्या 'पाणी बंद' बँडच्या दुसऱ्या कॅसेटच्या प्रती संपल्या, पंचवीसच्या पंचवीस. बँड म्हणजे मी (गिटार, बोंबलणं), सायली (ड्रम) आणि डोंबिवलीतली तिच्या काकांची बंद पडलेली पिठाची गिरणी. काल माजिवड्याच्या गॅरेजमध्ये वाजवून झाल्यावर हातोहात वाटल्या. कोणाला दिल्या ते लिहायचं नाही, हा आमचाच नियम. "याद्या पोलीस करतात," असं माइकवर फार ऐटीत म्हणालो.

५ फेब्रु.
आई सकाळी: "माळ्यावरच्या पिशवीत पप्पांची कॅसेट होती रे. वरचा कागद निघालेला. बघितलीस?" नाही म्हटलं. खोटं. त्या पिशवीतल्या सगळ्या आम्ही आमची गाणी भरायला वापरल्या. पप्पा भीमजयंतीला गायचे, आवाज तेवढ्या एका कॅसेटवर. ते गेले तेव्हा मी चार वर्षांचा. पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी वरच्या कडेचे प्लास्टिकचे दात तोडले असणार, मग वर दुसरं काही भरता येत नाही. आम्ही त्या तुटक्या दातांच्या खाचांवर चिकटपट्टी लावतो आणि भरतो.

६ फेब्रु.
सायली: "अरे, आपण एकच बाजू भरलीय. दुसरी असेल ना तशीच."
असेल. पण कव्हरवर माझ्याच अक्षरात: दुसरी बाजू तुमची, काहीही भरा. शिवाय दोन्ही बाजूंच्या खाचा चिकटपट्टीने बुजवल्या, लोकांना सोपं जावं म्हणून. शहाणपणा नडला.

१० फेब्रु.
गॅरेजवाल्याला तीन चेहरे आठवले. दोघांकडच्या बाजू कोऱ्या. तिसरा शीळफाट्याचा. त्याने कुत्र्याचं भुंकणं भरलंय. आधी काय होतं, विचारलं. "ऐकलंच नाही भाई. तुम्हीच बोललेले ना, भरा." घरी येऊन जेवलो नाही. आईने पुन्हा विचारलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

१४ फेब्रु., शनि
बँडच्या नंबरवर अनोळखी मेसेज. मोहने गावची मुलगी, स्वतःचं नाव लिहिलेलं नाही. "दुसऱ्या बाजूला कोणीतरी पेटीवर गातंय. मला माझी गाणी भरायचीत. ठेवू की पुसू?" मेसेज सकाळचा, मी पाहिला दुपारी. ठेव, प्लीज ठेव, लिहिलं. एकच टिक. फोन केला, बंद.

१५ फेब्रु.
अजून एकच टिक. राहवेना, आईला सगळं सांगून टाकलं. ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "मला त्यांचा आवाज ऐकायला कॅसेट लागत नाही. तुझ्यासाठी ठेवलेली ती. तुला कुठे आठवतो?"
नाही आठवत. मोहनेला निघालोय. पत्ता नाही.