रद्दीत गेलेली पाकिटं

दि. ७ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, डोकं तेवढं तापलंय. दर शनिवारी काच, डबे आणि रद्दी अशा तीन पिशव्या वेगळ्या करून मी रीसायकलिंग केंद्रावर नेतो, हे तुला ठाऊकच आहे. तिथे नवी बाई आलीय. काल तिने माझी रद्दी चारचौघांत उपडी केली आणि म्हणाली, आजोबा, यात फुटका ग्लास आहे, हात कापला असता माझा. चाळीस वर्षं छापखान्यात मी लोकांच्या चुका काढल्या, आता ही माझ्या काढणार! तिथून मिळणाऱ्या पिशव्यांचे रंगच एकसारखे, माणूस गोंधळणारच.

यजमानांना नमस्कार सांग.

तुझा दादा

दि. १२ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

नाचता येईना, अंगण वाकडं! मागे आलास तेव्हा चहा कपाबाहेर ओतलास आणि कपालाच नावं ठेवलीस. दादा, तुला दिसत नाही. लिहिताना जिवावर येतंय, पण कुणीतरी म्हणायला हवं.

मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय, यांचीही ना नाही. पंचवीस तारखेपर्यंत कळव. नाही कळवलंस तर रागावलास असं समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आहे तेवढा राहू दे.

तुझी धाकटी

दि. २७ जून

ती. दादास,

समजले. खोली नणंदेला दिली. तब्येतीला जप.

धाकटी

दि. ४ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

अक्षर केंद्रावरच्या त्या बाईचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय.

लाजेने तीन शनिवार तिकडे फिरकलो नव्हतो. आज साठलेली रद्दी नेली, तर तिने त्यातून तुझी दोन पाकिटं काढली, न फोडलेली. जाहिराती समजून मीच टाकली होती. बाकावर बसवून तिने ती वाचून दाखवली. दुसरं वाचताना अडखळली, मी म्हटलं, वाच.

मी रागावलो नव्हतो गं. मला दिसलंच नाही. वर्ष झालं, सगळं अंदाजाने चाललंय. गॅस पेटवायचीही भीती वाटते.

नणंदेला उठवू नकोस. स्वयंपाकघरात पडून राहीन, पण मला न्यायला ये.

सही माझ्या हाताने करतोय. कागदावर उमटली नसली, तरी केली होती असं समज.