पूरी चेष्टा

इंदूर, गुरुवार, १२ जानेवारी १९६१

आज एका म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत अपमान केला, तोही एका शब्दापायी.

हे भोपाळला गेलेत, म्हणून गाडीच्या रेडिएटरचं एस्टिमेट आणायला एजन्सीत मीच गेले. नव्या रेडिएटरची किंमत बघून आधीच डोकं फिरलं. साताऱ्याची नवी सून बघून लुबाडताहेत, असं मी ठरवूनच टाकलं. त्यात खाली तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीबाबांनी हातानं लिहिलेलं, 'पुराना बचाने की पूरी चेष्टा करेंगे.' पूरी चेष्टा! आणि वर लिहूनही देतात!

"मेरी चेष्टा करते हो? शरम नाही वाटत?" अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आवाज मात्र चढलेला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बाबांनी हात जोडले. "बुरा लगा तो नहीं करेंगे, बाईसाब," म्हणाले आणि ती ओळ खोडली. केवढी जिंकल्यासारखी घरी आले मी!

संध्याकाळी वन्संना सांगितलं. त्या शाळेत हिंदी शिकवतात. आधी खो खो हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या,

"वहिनी, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न."

म्हणजे लुबाडणं दूरच, नव्याची किंमतही मला द्यावी लागू नये म्हणून बाबा जुनाच रेडिएटर दुरुस्त करून बघणार होते. ती खोडलेली ओळ डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही, नुसती खोडली.

उद्या जाऊन म्हणणार आहे, बाबा, पूरी चेष्टा कीजिए. मराठीतली केलीत तरी चालेल.